सुपरचार्जरवाली गाडी इथेनॉलवर घ्यायचीय? गाडी आणायच्या आधी हे वाचून या

पुण्याजवळ भोसरीला आमच्या गॅरेजमध्ये जे लोक सुपरचार्जर असलेल्या गाड्या घेऊन येतात, त्यातले निम्मे तरी आता एकच विचारतात, की इथेनॉल टाकलं की पॉवर वाढते ना, मग ते मॅपचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या इंधनाच्या आणि ठिणगीच्या आकड्यांचं) काय असतं ते करून द्या, संध्याकाळी गाडी न्यायला येतो. पॉवर वाढते हे खरंय. पण संध्याकाळी गाडी मिळणार नाही, कारण इथेनॉलचं काम म्हणजे लॅपटॉप लावून दोन आकडे बदलणं नाही. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची (इंजिनात इंधन फवारतो तो) इंधनाची सगळी लाइन बदलायची असते आणि लॅपटॉप अगदी शेवटी उघडतो. प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून हे सांगताना घाईत काहीतरी सुटतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय.

पंपावर नक्की काय मिळतं

पंपावर आज जे साधं पेट्रोल मिळतं ते ई२०, म्हणजे १०० लिटरमागे साधारण २० लिटर इथेनॉल. हे तुमच्या गाडीत आधीच जातंय, तुम्ही ठरवा किंवा नका ठरवू. दुसरं म्हणजे जवळजवळ शुद्ध इथेनॉल. पुण्यात ५ जून २०२१ ला तीन पंपांवर त्याचा पायलट सुरू झाला होता आणि मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलनं ‘इथेनॉल १००’ या नावानं ते महाराष्ट्रासह पाच ठिकाणच्या १८३ पंपांवर आणलं. नावात १०० असलं तरी त्यात साधारण ९३ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि उरलेलं दोन्ही एकत्र धरून ठेवणारं द्रव्य असतं. तुम्ही व्हिडिओत बघता ते ई८५ अमेरिकेतलं, तिथेसुद्धा ते सीझनप्रमाणे ५१ ते ८३ टक्क्यांच्या मधे कुठेही असतं, त्यामुळे तिकडचा मॅप इकडे कॉपी करून चालत नाही, कितीही ओळखीच्या माणसानं दिलेला असला तरी.

सुपरचार्जरला इथेनॉल का मानवतं

सुपरचार्जर बेल्टवर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम होतो तसंच. तापलेल्या हवेत ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल स्वतःहून पेट घेतं, त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो, आणि बूस्टवाल्या, म्हणजे दाबून हवा कोंबलेल्या, इंजिनाचे पिस्टन जास्त करून यातच जातात. पेट्रोलवर ट्यूनिंग करणारा माणूस सगळा वेळ या नॉकिंगपासून लांब राहण्यात घालवतो, म्हणजे टायमिंग मागे घ्या (ठिणगी उशिरा द्या), बूस्ट कमी ठेवा, वरून जास्तीचं पेट्रोल ओता.

इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो, हा एक फायदा. दुसरा माझ्या मते त्याहून मोठा. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा लावतात तेव्हा कातडी कशी गार पडते, तसंच इथेनॉल उडताना भोवतीची उष्णता ओढून घेतं, वजनाला वजन धरलं तर पेट्रोलच्या जवळपास अडीच पट. वर ते जातंही जास्त वजनानं. म्हणजे सुपरचार्जरनं तापवलेली हवा सिलिंडरच्या तोंडाशीच गार व्हायला लागते, आणि इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) छोटा असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये तर हा फरक पहिल्याच रनला कळतो.

मोठ्या कंपन्यांनी हे करून दाखवलंय. कोनिगसेगची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवर द्यायची, तिचंच ई८५ वर चालणारं सीसीएक्सआर मॉडेल २००७ ला आलं ते १०१८ चं, आणि दोन्हीला सुपरचार्जरच. डॉजची २०२३ ची डेमन १७० ही ई१० वर ९०० आणि ई८५ वर १०२५ हॉर्सपॉवर देते, इंजिन तेच. पण या गाड्यांचा पंप, लाइन, इंजेक्टर सगळं कंपनीनंच त्या हिशोबानं मोठं दिलेलं आहे. आपल्या गाडीत ते नाही आणि सगळा खर्च तिथेच आहे.

किती जास्त इंधन लागतं

एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. उलटं बघा, हवा तेवढीच असेल तर इथेनॉल बरंच जास्त ओतावं लागतं. पंपावरच्या इथेनॉल १०० ला हिशोब केला तर लिटरमध्ये जवळपास दीडपट होतं.

आता इंजेक्टरकडे बघा. ६००० आरपीएमला इंजिनाच्या दोन चकरा २० मिलिसेकंदात होतात आणि एका इंजेक्टरला एका वेळचं इंधन टाकायला तेवढाच वेळ मिळतो. पेट्रोलवर तुमचा इंजेक्टर त्यातले १२ मिलिसेकंद उघडा राहत असेल तर इथेनॉलवर त्याला १८ लागतील. म्हणजे तो जवळजवळ बंदच होणार नाही, आणि सुपरचार्जरला छोटी पुली टाकून बूस्ट वाढवला की २० सुद्धा कमी पडतील. कमी पडले की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि बूस्टमध्ये लीन झालं की इंजिन संपलं. म्हणून मिनिटाला ४०० सीसी इंधन टाकणारे इंजेक्टर असतील तर आम्ही ६०० च्या खाली बघतच नाही, शक्यतो ६५० टाकतो.

गाडीतल्या इंधनाच्या पंपाचंही तेच. नुसता मोठा पंप टाकून भागत नाही, त्याला वीज पोचली पाहिजे. जुन्या वायरिंगमध्ये बॅटरीला साडेतेरा व्होल्ट असतात आणि पंपाच्या टर्मिनलला साडेअकरा, मग पंप कागदावर लिहिल्याएवढा देणार कसा? त्यामुळे आम्ही पंपाला वेगळी जाड वायर आणि वेगळा रिले टाकतोच, तो ऑप्शनल नाही.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी टो करून आली. मालकानं दुसरीकडे फक्त मॅप करून घेतला होता, पंप आणि इंजेक्टर कंपनीचेच. कमी आरपीएमला गाडी मस्त चालायची, त्यामुळे त्यांना सगळं ठीक वाटलं. वर ५००० आरपीएमच्या पुढे इंधनाचं प्रेशर पडायचं आणि ते कोणी बघितलंच नव्हतं. हेड काढलं तर तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटून पडलेली, बोटात धरली तर नखाएवढा तुकडा. तो तुकडा अजून गॅरेजमध्ये काचेच्या बाटलीत ठेवलाय आणि जे कोणी घाई करतात त्यांच्या हातात देतो. वाईट वाटतं हो, कारण त्या माणसानं पैसे वाचवायला नाही, माहिती नव्हती म्हणून केलं होतं.

होज, टाकी, फिल्टर

जुने रबरी होज इथेनॉलमध्ये फुगतात आणि मऊ पडतात. बोनेटखालचा इंधनाचा होज अंगठ्यानं दाबून बघा, दाबल्यावर खड्डा लगेच भरला नाही किंवा पांढऱ्या फडक्यानं पुसल्यावर काळं लागलं, तर तो होज ई२० वरसुद्धा ठेवू नका, इथेनॉल १०० तर लांबच राहिलं. आम्ही इथेनॉलला दाद न देणारी पीटीएफई (टेफ्लॉन) लाइन आणि व्हायटॉन रबराचे ओ-रिंग वापरतो. ॲल्युमिनियमचे कोटिंग नसलेले भाग आणि जस्ताचे फिटिंग पण बदलावे लागतात, पाणी मिसळलेलं इथेनॉल ते हळूहळू खातं आणि आत पांढरी पावडर धरते.

आणि इथेनॉल साफ करतं. म्हणजे पंधरा वर्षं टाकीच्या तळाला बसलेला गाळ ते सुटा करतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचाच, गाडी चांगली चालत असली तरी. कापून दाखवतो आम्ही ग्राहकांना, आत चहाच्या चोथ्यासारखं निघतं.

पाण्याची बाटलीवाली टेस्ट

ही तुम्ही घरीपण करू शकता, फक्त आगीपासून लांब आणि मोकळ्या हवेत. मापाची उंच काचेची नळी घ्या, १० मिली पाणी, वर ५० मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं, खालचा थर १० वरून २० च्या आसपास आला तर तुमच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी किती ओढतं तेही यात डोळ्यांनी दिसतं, टाकीचं झाकण नीट न लागणारी गाडी जून ते सप्टेंबर उघड्यावर उभी ठेवली की टाकीत हेच होतं.

गाडीत हे काम सेन्सर करतो. तो इंधनाच्या लाइनमध्येच बसतो आणि ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे पूर्ण इथेनॉल, असा सिग्नल ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला देतो, इंधनाचं तापमानही सांगतो. हा बसवला की टाकीत ई२० आणि इथेनॉल १०० कसंही मिसळलेलं असो, ईसीयू स्वतः जुळवून घेतो. सेन्सरशिवाय दोन वेगळे मॅप करून द्या म्हणणारे असतात, आम्ही करत नाही. एक दिवस मॅप बदलायचा राहतो आणि त्याच दिवशी कोणीतरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतं.

ट्यूनिंग

इथे एक धोका आहे जो फारसा कोणी सांगत नाही. पेट्रोलवर टायमिंग जास्त पुढे घेतलं की नॉकिंग होतं, नॉक सेन्सर ओरडतो, आपण थांबतो. इथेनॉलवर तो सहसा ओरडतच नाही. टायमिंग पुढे घेत राहिलं तर एका ठिकाणी टॉर्क वाढायचा थांबतो, आणि त्याच्या पुढचा प्रत्येक अंश नुसता कनेक्टिंग रॉडवर बसतो. म्हणून आम्ही डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन) टॉर्क बघून टायमिंग लावतो, कानावर नाही, आणि टॉर्क सपाट झाला की दोन अंश मागे येतो. स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास.

हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड गेजवर आकडे पेट्रोलच्या स्केलचेच दिसतात, इथेनॉल असलं तरी १४.७ दिसणार, घाबरू नका. लॅम्डा (इंधन कोणतंही असो, अचूक मिश्रणाला १) वाचायची सवय लावा, फुल लोडला ०.८० ते ०.८२ हवा.

थंडी, ॲव्हरेज आणि ऑइल

शुद्ध इथेनॉल १५ अंशांच्या खाली नीट वाफ धरत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश असतात, गाडी स्टार्टर मारत राहते आणि प्लग ओले होतात. ब्राझीलमध्ये १९७९ पासून इथेनॉलच्या गाड्या आहेत, तिथे याच कारणासाठी बोनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असायची. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, थंडीत टाकीत ई२० चं प्रमाण वाढवा, सेन्सर असल्यावर बाकी गाडी बघून घेते.

ॲव्हरेज पडणार. पेट्रोलला १० देणारी गाडी साडेसहा-सात देईल, ६० लिटरच्या टाकीत कोल्हापूरला जाऊन परत येणं जमणार नाही. पैसे वाचवायला हे करत असाल तर करू नका, प्लीज.

ऑइल ५००० किलोमीटरला बदला, आणि रोज दोन-तीन किलोमीटरच चालवत असाल तर त्याच्याही आधी. इंजिन नीट तापलं नाही की इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, झाकणाच्या आतून साय धरल्यासारखं पिवळट दिसतं. तसं दिसलं की फोन करा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल काढून ई२० भरून, इंजिन दहा मिनिटं चालवून मग ठेवा.

आम्ही काय करतो, काय नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनानं बदल करता येत नाही, आणि आरसीवर पेट्रोल लिहिलेल्या गाडीचं इंधन बदललं तर इन्शुरन्सचा क्लेम आला की पहिला प्रश्न तोच निघतो. म्हणून इथेनॉल १०० चं पूर्ण कन्व्हर्जन आम्ही फक्त ट्रॅकवर आणि ड्रॅगला पळणाऱ्या, ट्रेलरवर येणाऱ्या गाड्यांचं करतो. कितीही आग्रह केला तरी रोजच्या गाडीला नाही.

रोजच्या गाडीसाठी, म्हणजे जुन्या कॉम्प्रेसर (सुपरचार्जरवाल्या) मर्सिडीज वगैरे ज्या ई२० च्या आधीच्या काळात बनल्या, त्यांना आम्ही ई२० साठी तयार करून देतो. होज, ओ-रिंग, फिल्टर, पंपाचं प्रेशर, आणि स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी इंधन टाकतोय ते. ट्रिम अधिक ५ ते ८ असेल तर ते ई२० मुळे आहे, सोडून द्या. १२ च्या पुढे असेल तर कुठेतरी हवा ओढतेय किंवा पंप दमलाय, ते आधी शोधायचं. सुपरचार्जरचा बेल्ट आणि त्याचं स्वतःचं ऑइल पण याच वेळी बघतो, त्या ऑइलला बरेच लोक गाडी घेतल्यापासून हात लावत नाहीत.

येताना टाकी पाव भरलेली ठेवा, पूर्ण भरून आणू नका, कारण पंप काढायला टाकी रिकामी करावी लागते. आरसीची कॉपी, आधी कुठे मॅप केला असेल तर त्याची फाइल, आणि गेल्या तीन सर्व्हिसची बिलं आणा. पहिल्या दिवशी फक्त सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि इंधनाचं प्रेशर मोजून आकडे तुमच्या हातात देऊ, ते बघून पुढचं काम करायचं की नाही हे तुम्ही घरी जाऊन ठरवा. कॉम्प्रेशन कमी निघालं तर आधी इंजिनाचं काम, इथेनॉल नंतर. ट्रॅक गाडीचं पूर्ण काम साधारण तीन आठवडे चालतं, त्यातले शेवटचे दोन दिवस डायनोचे, त्या दोन दिवसांत तुम्ही स्वतः हजर राहा.