बारा वर्षांची वहिवाट, सहा महिन्यांचा बाँड : सीमाभागातील निराधार दाव्यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील जमिनीच्या काही दाव्यांचा पाया कायद्याच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. तो सापडतो पारावरच्या बोलण्यात. बारा वर्षे जमीन कसली की ती आपली झाली, स्टँप पेपर सहा महिन्यांनी बाद होतो, उताऱ्यावर नाव चढले की मालकी पक्की झाली, हे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते बाळगणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही, कारण यांतील प्रत्येक समजाचे मूळ खऱ्या कायद्यातच आहे.

बारा वर्षांची गोष्ट सर्वांत जुनी. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पाचव्या रेग्युलेशनने मालक या नात्याने सलग तीस वर्षांहून अधिक काळ केलेली वहिवाट हा मालकीचा पुरेसा पुरावा मानला होता. पुढे १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात स्थावर मिळकतीसाठी बारा वर्षांची मुदत आली आणि ती १९६३ च्या कायद्यातही कायम राहिली. मात्र ही मुदत मूळ मालकाने कब्जा परत मागण्याची आहे, आणि समोरच्याचा कब्जा उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून केलेला असावा लागतो. भाडेकरू, वाटेकरी किंवा भावाने राहू दिलेला भाऊ परवानगीने राहत असतो, म्हणून नुसती बारा वर्षे भरली तरी त्याला मालकी मिळत नाही. लोकांच्या तोंडी आकडा राहिला आणि अट गळून पडली.

त्यात कूळकायद्याची भर पडली. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा या भागाला लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले, तरी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ मुळे आधीचे कायदे बदल होईपर्यंत चालूच राहिले. २ ऑक्टोबर १९६५ पासून म्हैसूरचा जमीन सुधारणा कायदा अमलात आला, आणि १ मार्च १९७४ च्या दुरुस्तीने कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारजमा होऊन कुळांना न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागला. शेत तेच, कसणारा तोच, पण एका हयातीत नियम तीनदा बदलले. कसेल त्याची जमीन हे लक्षात राहिले. कोणत्या कायद्याने, कोणत्या अर्जावर, कोणत्या मुदतीत, हे विसरले गेले.

स्टँप पेपरबाबतचा समज तर एका कलमाच्या अर्धवट वाचनातून आला आहे. १८९९ च्या मुद्रांक कायद्यातील कलम ५४ एवढेच सांगते की न वापरलेला स्टँप खरेदीपासून सहा महिन्यांत परत केल्यास पैसे मिळतात. तो त्यानंतर वापरता येत नाही असे त्यात कुठेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला, घडीवर विरलेला मराठी बाँड बाहेर निघाला की पाठीमागची विक्रेत्याची तारीख आधी वाचली जाते आणि मजकूर नंतर. बनावट स्टँप पेपर प्रकरणात दोषी ठरलेला अब्दुल करीम तेलगी खानापूरचाच. त्यानंतर या भागात खऱ्या कागदाकडेही संशयाने पाहिले गेले असेल, तर नवल नाही.

उताऱ्याचे थोडक्यात सांगता येईल. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १३३ नुसार पहाणीतील, म्हणजे तिकडच्या जमिनीच्या उताऱ्यातील, नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही. जुने फेरफार मराठीत आणि आजची पहाणी कन्नडमध्ये असल्यामुळे मराठी शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. समज टिकून राहण्याचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते.

असे दावे हरूनही फायदेशीर ठरतात, ही खरी अडचण आहे. एकदा मनाई हुकूम मिळाला की तारखांमध्ये वर्षे जातात, वादातील जमीन घ्यायला कोणी धजत नाही, आणि थकलेला प्रतिपक्ष पैसे देऊन तडजोड करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली निराधार दावा सुरुवातीलाच फेटाळता येतो. बंगळूरच्या एका भाडेकरूच्या प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना हेच बजावले होते. पण खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे, आणि एवढ्या रकमेला कोणी घाबरत नाही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये त्रासदायक दाव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तोपर्यंत बेळगाव मुंबई राज्यातून जाऊन पंधरा वर्षे होत आली होती. विधी आयोगाने २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी अशा कायद्याची शिफारस केली.

या गर्दीत खरे दावे मागे राहतात. वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मागणारा एका मुलीचा दावा १९९२ मध्ये बेळगावच्या न्यायालयात दाखल झाला होता. त्यातील कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१५ मध्ये आला.