चिऊताई दार लगेच का उघडत नाही?

‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ पुन्हा हाक. ‘थांब, माझ्या बाळाचं अंग पुसते.’ मग अंगडं-टोपडं, मग काजळ, मग तीट. बाहेर कावळा भिजतोय आणि मोठ्या माणसाला हे सगळं लांबण वाटतं. पण झोपेची वेळ झाली म्हणून यातली एक हाक गाळून बघा, तीन वर्षांचं मूल लगेच पकडतं. शाळेत आपण ‘पुनरुक्ती टाळा’ हे शिकलो. चित्रपुस्तकात मात्र पुनरुक्ती हाच गोष्टीचा कणा असतो, आणि तो का, हे आता थोडंफार मोजून पाहता आलं आहे.

युडित जर्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळं होती जन्मून जेमतेम दोन-तीन दिवस झालेली. त्यांना निरर्थक शब्द ऐकवले: काही ‘मुबाबा’, ‘पेनाना’ असे, तर काही ‘मुबागे’, ‘पेनाकू’ असे. त्याच वेळी डोक्यावर मंद अवरक्त प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपले. शेवटची दोन अक्षरं सारखी आली की मेंदूचा प्रतिसाद जास्त उमटत होता. गंमत म्हणजे सारखी अक्षरं एकमेकांना चिकटून नसली, मध्ये तिसरं अक्षर आलं, तर हा फरक दिसला नाही. लागोपाठ आलेला तोच आवाज नवजात मेंदूला आपोआप जाणवतो. बाबा, मामा, काका, दादा हे आपले शब्द मला तेव्हापासून वेगळेच ऐकू येतात. भोपळाही टुणुक टुणुकच जातो, एकदाच टुणुक करून थांबत नाही.

पण नुसतं तेच ते म्हटलं तर मूलही कंटाळतं. चिऊताईचं कसब वेगळं आहे. ‘थांब, माझ्या बाळा...’ इथपर्यंतची चौकट हलत नाही, आणि पुढे एकच गोष्ट बदलते: घालते, पुसते, लावते. ओळखीच्या शब्दांवर कानाला कष्ट पडत नाहीत, म्हणून सगळं लक्ष त्या एका नव्या क्रियापदावर जातं. चित्रपुस्तकात याला पान उलटण्याची जोड मिळते. उजव्या पानाच्या तळाशी ‘थांब, माझ्या बाळाला...’ आणि उरलेलं पलीकडे. पान उलटायच्या आत मूल अंदाज बांधतं, मोठ्याने म्हणूनही टाकतं. बरोबर आलं तर आनंद, चुकलं तर चित्र सांगतंच काय ते.

पालुपद पुस्तकाच्या आत असतं, तसं पुस्तकाच्या बाहेरही. ‘तेच वाच’ हा रोज रात्रीचा हट्ट! जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये इंग्लंडमधल्या तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. गोष्टींत अनोळखी वस्तूंची बनवलेली नावं पेरली होती. काही मुलांनी तीच गोष्ट परत परत ऐकली, काहींनी वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडले, तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिले. कथा ओळखीची झाली की शब्दाकडे बघायला उसंत मिळते, असा याचा अर्थ मी लावते.

म्हणून अनुवादित चित्रपुस्तकांत ‘थांब’ तिसऱ्या पानावर ‘जरा दम धर’ होतं आणि पाचव्यावर ‘आलेच हं’, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. वैविध्याच्या हौसेपायी मुलाची पायरीच काढून घेतलेली असते. तो शब्द तसाच राहू द्या. वाचतानाही पानाच्या शेवटी क्षणभर गप्प बसा, मूल तुमच्या आधी बोलेल. आणि मग एका पानावर ‘थांब’ येतच नाही. मूल श्वास रोखून बसतं. दार उघडलेलं असतं.