तंजावरी मराठी साहित्य

तमिळनाडूतल्या तंजावरला भोसले घराण्याच्या कारकिर्दीत, म्हणजे साधारण १६७६ ते १८५५ या काळात, लिहिलं गेलेलं मराठी साहित्य. जुन्या मराठी कागदांत या गावाला 'चंदावर' म्हणतात आणि जिंजीला 'चंदी', त्यामुळे पत्रं चाळताना गल्लत होते, तेवढं सांभाळावं. नाटकं, आख्यानं, रामदासी ओव्या, एक बखर, नाचासाठी रचलेली पदं, झालंच तर स्वयंपाकाचं पुस्तक, असा सगळा ऐवज आहे. भाषा इकडून गेली पण साहित्याचे घाट बहुतेक तिथल्या मातीतलेच घेतले गेले, आणि मला वाटतं म्हणूनच मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना हे प्रकरण नेमकं कुठल्या खणात ठेवायचं ते कधी नीट ठरवता आलं नाही.

राज्य कसं मिळालं ते थोडक्यात. तंजावरचे नायक राजे तेलुगू. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकानं तंजावर घेतलं, विजयराघव नायक लढाईत पडला, मग त्याच्या वारसाला गादीवर बसवायला विजापूरकरांनी शहाजीराजांचा मुलगा व्यंकोजी ऊर्फ एकोजी याला पाठवलं आणि काही दिवसांनी व्यंकोजी स्वतःच गादीवर बसला. हे नेमकं १६७५ की १६७६ यावर एकमत नाही, बहुतेक जण १६७६ धरतात. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, कोल्लिडम नदीकाठी भावाभावांची भेट झाली, ती काही फार गोडीगुलाबीची नव्हती. पण आपल्या विषयासाठी खरी महत्त्वाची गोष्ट अशी की व्यंकोजीच्या हाती आलेला दरबार रिकामा नव्हता. तिथं नायकांच्या वेळचे तेलुगू कवी होते, यक्षगान नावाचं गाणी आणि अभिनयाचं नाट्य रुळलेलं होतं, देवळांत नाच होता, लोकांची बोली तमिळ होती आणि पंडितांची संस्कृत. राज्य बदललं तरी दरबाराची आवडनिवड लगेच बदलली नाही. व्यंकोजीनं स्वतः रामायण रचलं ते तेलुगूत, द्विपदा छंदात! मराठी राजाचं पहिलं मोठं काव्य तेलुगूत, यावरूनच काय ते समजावं. पुढे प्रतापसिंहाच्या वेळी (१७३९ ते १७६३) मुद्दुपळनी ही गाजलेली कवयित्री याच दरबारात होती, तीही तेलुगूच.

मराठी नाटकं आली ती व्यंकोजीचा मुलगा शहाजी याच्या काळात (१६८४ ते १७१२). हा राजा विद्येचा भारी शौकीन. तिरुविशनल्लूर हे गाव त्यानं पंडितांना अग्रहार म्हणून देऊन टाकलं आणि त्याचं नाव शहाजीराजपुरम पडलं. तिरुवारूरच्या त्यागराजावर त्याची भक्ती होती, त्या देवावर तेलुगू नाटकंही त्याच्या नावावर आहेत. मराठीतलं सगळ्यात चर्चेतलं नाटक म्हणजे 'लक्ष्मीनारायण कल्याण'. कल्याण म्हणजे इथं लग्न, हा तमिळ-तेलुगू वापर, मराठी वाचकाला पटकन लक्षात येत नाही. या नाटकांची ठेवण यक्षगानाची. देवतास्तुतीनं सुरुवात, मग सूत्रधार, मग पात्रं एकेक करून येतात आणि येताना आपलं प्रवेशाचं गाणं घेऊन येतात, त्याला 'दरू' म्हणायचं, हा तेलुगू 'दरुवु'च. गाण्यांवर रागांची नावं असतात ती दाक्षिणात्य. म्हणजे शब्द मराठी, चाल कर्नाटक संगीताची, रचना तेलुगू, बघणारे तमिळ. शहाजीच्याच नावावर असलेल्या 'पंचभाषाविलास' नाटकात तर निरनिराळ्या प्रांतांतल्या राजकन्या कृष्णाला वरू बघतात आणि जी ती आपापल्या भाषेत बोलते, मराठी ही त्या पाचांतली एक. असलं नाटक सुचायला रोज कानावर पाच भाषा पडणारा दरबार लागतो, पुण्या-साताऱ्यात बसून ते सुचलं नसतं.

आता पहिल्या मराठी नाटकाचा वाद. यावर खूप शाई खर्च झालीये म्हणून जरा सविस्तर. रूढ मत असं की मराठी रंगभूमीची सुरुवात विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ५ नोव्हेंबर १८४३ रोजी केलेल्या 'सीतास्वयंवर'पासून झाली, आणि म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. तंजावरची हस्तलिखितं उजेडात आल्यावर काही अभ्यासकांनी म्हटलं की 'लक्ष्मीनारायण कल्याण' सुमारे १६९० चं, म्हणजे सांगलीच्या दीडशे वर्षं आधीचं, तेव्हा मान तंजावरचा. याला विरोध दोन तऱ्हेचा आहे. एक म्हणजे १६९० हे साल शहाजीच्या कारकिर्दीवरून लावलेलं आहे, तेव्हा ते 'सुमारे' म्हणूनच वाचावं. पण हा आक्षेप फार जड नाही कारण कारकीर्द संपली १७१२ ला, अगदी शेवटचं वर्ष धरलं तरी सांगलीच्या आधी सव्वाशे वर्षांहून जास्तच होतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे. तो असा की दरबारात किंवा देवळात झालेल्या प्रयोगातून पुढे काही निघालं का? तंजावरच्या नाटकांची माहिती भाव्यांना होती असा पुरावा कुणी दिलेला नाही, आणि भाव्यांपासून जी नाटकमंडळ्यांची रांग लागली तशी तंजावरपासून महाराष्ट्रात लागली नाही. महात्मा फुल्यांचं १८५५ चं 'तृतीय रत्न' मध्ये आणून सामाजिक नाटक तिथून मोजावं असंही एक मत आहे पण तो प्रश्न वेगळा.

प्रस्तुत नोंदकाराचा कल असा की संहिता म्हणून तंजावर आधी, चालू परंपरा म्हणून सांगली आधी, आणि दोन्हींना 'पहिलं' म्हणायला हरकत नाही फक्त कशातलं पहिलं ते सांगावं. पण या भांडणात एक गोष्ट मागे पडते. भाव्यांना हे सुचलं कसं? सांगलीला १८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ आला होता, तो बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी असलं काही मराठीत करा असं भाव्यांना सांगितलं. हा भागवतांचा खेळ म्हणजे कानडी यक्षगानाच्या जातीचाच. म्हणजे तंजावर घ्या नाहीतर सांगली घ्या, मराठी नाटकाचा हात दोन्हीकडे दाक्षिणात्य यक्षगानाच्याच हातात आहे, एकदा तेलुगू अंगानं आणि एकदा कानडी अंगानं. दोन्ही वेळा सीमेवरच्या किंवा सीमेपलीकडच्या मराठी दरबारानं शेजाऱ्याचा खेळ बघितला आणि तो आपल्या भाषेत मागितला.

रामदासी वाङ्मयाबद्दल माहिती विखुरलेली आहे. परंपरा सांगते की समर्थ रामदास तंजावरला येऊन गेले, सज्जनगडावरच्या राममूर्ती तिथल्याच कारागिरानं घडवल्या, आणि शिष्यांनी त्या भागात मठ काढले. मठांमुळे ओवी तिथं टिकली, माधवस्वामींचं ओवीबद्ध महाभारत हे त्यातलं मोठं काम. आख्यानकवींपैकी आनंदतनय हा अरणीचा, तिथं मराठी जहागीर होती. 'नलदमयंतीस्वयंवराख्यान' लिहिणारा रघुनाथ पंडित मात्र वादात आहे. काही जण त्याला राजव्यवहारकोश हा शिवकालीन कारभारी शब्दांचा कोश करणारा रघुनाथ नारायण हणमंतेच मानतात, काही जण नंतरचा चंदावरकडचा वेगळा कवी मानतात. नाव सारखं म्हणून माणूस एकच, हे जरा घाईचं वाटतं.

सगळ्यात विलक्षण नमुना मात्र दगडावर आहे. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाचं, १०१० च्या सुमारास पुरं झालेलं, आणि त्याच्या भिंतींवर चोळांनी दानं, दागिने, नेमणुका असं सगळं तमिळमध्ये कोरून ठेवलंय. त्याच देवळाच्या आवारात दुसऱ्या सरफोजीनं डिसेंबर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरवला. 'भोसलेवंशचरित्र' या नावानं तो ओळखला जातो, लेखक बाबुराय चिटणीस, आणि जगातल्या मोठ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात. वाचायला घेतला की लगेच कळतं की ही बखर आहे. वंशावळ, पराक्रम, कोण कुणाचा मुलगा, कोण कसा गादीवर आला, मध्येच दंतकथा, सगळा बखरीचा थाट. महाराष्ट्रात बखर कागदावर लिहायची, दप्तरात ठेवायची, नक्कल करून दुसऱ्याला द्यायची. तंजावरात मात्र राजानं इतिहास लिहायची जागा म्हणजे देवळाची भिंत ही रीत आठशे वर्षांपासून समोर होती, म्हणून तीच बखर दगडावर चढली. आणि वेळही बघण्यासारखी आहे. सरफोजी दत्तक, दत्तक नात्यानं चुलता लागणाऱ्या अमरसिंहाशी गादीचा वाद झालेला, १७९८ मध्ये गादी मिळाली आणि १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, राजाकडे उरला किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. त्यानंतर चारच वर्षांत हा लेख. राज्य हातात नसलेल्या राजानं आपला हक्क दगडावर लिहून ठेवला, यात इंग्रजांबद्दल चांगले शब्द आहेत याचं नवल वाटायला नको. इतिहासाचं साधन म्हणून तो जपून वापरावा, जुन्या पिढ्यांची माहिती तर फारच जपून.

सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) हा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला. वैद्यक, शरीरशास्त्र, पुस्तकं गोळा करणं हे त्याचे नाद, सरस्वती महाल लायब्ररी आज जी आहे ती मुख्यतः त्याच्यामुळे. तिथं मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या आसपास आहेत, शिवाय मोडी कागदांची बाडं वेगळी. त्यानं देवनागरी छापखानाही काढला आणि १८०६ च्या सुमारास 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं. बंगालमधल्या सेरामपूरला केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं १८०५ ला, म्हणजे हे जवळजवळ बरोबरीचं, आणि पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना लोक सेरामपूरहून थेट मुंबईला उडी मारतात ते बरोबर नाही.

त्याच्या नावावरची 'देवेंद्र कुरवंजी' पण बघण्यासारखी. कुरवंजी हा अस्सल तमिळ प्रकार, त्यात विरहानं झुरणारी नायिका असते, डोंगरातली कुरत्ती बाई येते, आपल्या डोंगराचं वर्णन करते आणि हात बघून भविष्य सांगते. सरफोजीनं मराठीत कुरवंजी केली आणि डोंगराच्या वर्णनाच्या जागी चक्क जगाचा भूगोल घातला. हात बघणारी बाई देशादेशांची, खंडांची माहिती सांगतेय! नव्या इंग्रजी शिक्षणातला विषय, तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा. काव्य म्हणून फार उंच नाही, पण हे तिघं एकत्र येणं त्या गावाशिवाय कुठं होणार.

नाचासाठी रचलेल्या मराठी रचनांचं पुस्तक आहे, त्याचं नाव 'कोर्वयांचे साहित्याचे जिन्नस'. हे नाव जरा हळू वाचा. 'कोर्वै' तमिळ, नाचातली गुंफण, 'साहित्य' संस्कृत पण इथं अर्थ कर्नाटक संगीतातला म्हणजे गाण्याचे बोल, 'जिन्नस' अरबी-फारसीतून मराठीत आलेला आणि आपण किराण्याच्या यादीत वापरतो तोच, आणि या तिघांना धरून ठेवणारे प्रत्यय 'चे' 'चे', अगदी घरचे. तंजावरी मराठी म्हणजे काय हे कुणी विचारलं तर हे एक नाव दाखवावं. 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे दरबारी स्वयंपाकाचं पुस्तकही याच काळातलं. संभाजीवरून सांबार झालं ही गोष्ट सगळे सांगतात पण ती ऐकीव आहे, तिला या नोंदीत जागा नाही.

१८५५ मध्ये दुसरा शिवाजी मुलगा नसताना वारला, राज्य खालसा झालं आणि दरबारी लेखन थांबलं. घरोघरची मराठी मात्र चालू राहिली, तिथले देशस्थ 'रायर' म्हणून ओळखले जातात, पण शाळा तमिळ-इंग्रजी आणि मोडी वाचणारे कमी होत गेले.

मराठी खरी पसरली ती राजे गेल्यावर, कीर्तनातून. १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले, त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांसारख्या गवयांनी तमिळ हरिकथेची नवी बांधणी केली. साकी, दिंडी, ओवी, आर्या, सवाई, अभंग हे छंद तमिळ कथेत जसेच्या तसे गेले, आतले शब्द तेवढे तमिळ झाले, म्हणजे त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी शहाजीच्या दरबारात जे घडलं त्याच्या बरोबर उलट. भागवतरांच्या हातातली चिपळीही गेली, तिला तिकडे 'चिप्ळा-कट्टै' म्हणतात. कट्टै म्हणजे तमिळमध्ये लाकूड.