‘प्रजाती अनिश्चित’: एका नोंदीची पार्श्वभूमी

हिवाळ्यात सह्याद्रीतल्या कुठल्याही दाट झाडीत पर्णवटवटे असतातच. हिरवट पाठ, पिवळसर भुवई, पंखावर एखादी पुसट पट्टी आणि क्षणभर एका डहाळीवर न टिकण्याचा स्वभाव. त्यातले ग्रीन वॉर्बलर आणि ग्रीनिश वॉर्बलर दिसायला इतके सारखे, की चांगल्या उजेडात, चांगल्या दुर्बिणीतूनही छातीठोकपणे सांगणं अवघड. आवाजावरून मात्र ते वेगळे कळतात. ग्रीनिशची हाक दोन तुकड्यांची, ग्रीनची तीन तुकड्यांची. पक्षी बोललाच नाही, तर ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘ग्रीन/ग्रीनिश वॉर्बलर’ अशी तिरक्या रेघेची नोंद करता येते. पर्णवटवट्या आहे एवढंच कळलं असेल, तर ‘लीफ वॉर्बलर एसपी.’ अशी, म्हणजे गट नक्की, प्रजाती अनिश्चित.

ही नोंद करायला बरेच जण बिचकतात. आपल्याला ओळखता आलं नाही याची जाहीर कबुली दिल्यासारखं त्यांना वाटतं. मग एक तर पक्षी यादीतून गळतो, नाही तर अंदाजपंचे एक नाव ठोकून दिलं जातं. या दोन्ही गोष्टींनी पक्षीअभ्यासाचं किती नुकसान झालं आहे, हे मागे वळून पाहिलं की कळतं.

सुरुवात पर्णवटवट्यांपासूनच करता येते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘विलो रेन’ नावाचा एकच छोटा हिरवट पक्षी सगळ्यांना ठाऊक होता. सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी कान देऊन ऐकलं आणि १७६८ मध्ये एका पत्रात लिहिलं, की हे तीन वेगळे पक्षी आहेत आणि तिघांचं गाणं वेगळं आहे. आज आपण त्यांना चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर म्हणतो. म्हणजे त्याआधीची ‘विलो रेन’ची प्रत्येक नोंद अनिश्चितच होती, फक्त ते कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात ओळखीचं साधन होतं बंदूक. हातात आलेल्या पक्ष्याच्या पंखाची लांबी मोजता येते, पिसं एकेक करून तपासता येतात. पाणलाव्यांचं, म्हणजे स्नाइपचं, उदाहरण घ्या. पिनटेल स्नाइपच्या शेपटीची बाहेरची पिसं टाचणीसारखी अरुंद असतात. मेलेल्या पक्ष्याची शेपटी पसरली की दोन सेकंदांत निकाल लागतो. तोच पाणलावा भातखाचरातून उठून नागमोडी उडत निघून गेला, तर तो कॉमन की पिनटेल हे सांगताना आजही भले भले थबकतात. ब्रिटिश अधिकारी आणि पक्षीसंग्राहक ॲलन ह्यूम यांनी सिमल्यात जमवलेला पक्ष्यांच्या कातड्यांचा प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेला, आणि भारतीय पक्ष्यांचं वर्गीकरण बऱ्याच अंशी अशाच संग्रहांवर उभं राहिलं. पाडला तो इतिहास, निसटला ते गूढ, अशा अर्थाची म्हण तेव्हाच्या इंग्रजीभाषक संग्राहकांमध्ये होती. निसटलेल्या पक्ष्याला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती.

पण हातातला नमुनासुद्धा त्याला बांधलेल्या जागा-तारखेच्या चिठ्ठीइतकाच खरा असतो. याची सगळ्यात मोठी किंमत आपल्या खानदेशातल्या एका पक्ष्याने मोजली, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा पहिला नमुना ब्लेविट या संग्राहकांना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरजवळ मिळाला आणि ह्यूम यांनी पुढच्या वर्षी त्यांच्याच नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात शहाद्याच्या परिसरातून आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब. अपवाद फक्त एक, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचं सांगितलेला नमुना. तोच सगळ्यात अलीकडचा असल्यामुळे शोध घेणाऱ्यांच्या नकाशावर मांडवीला वजन आलं. १९९०च्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा निघालं भलतंच. तो पक्षी डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांपैकी होता. तो चोरून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. मांडवी बाद झाली, जुन्या खऱ्या जागा उरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि बेन किंग यांना शहाद्याजवळच रानपिंगळा दिसला. १८८४ पासून मोजली तर मधे ११३ वर्षं गेली.

मधल्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेली छायाचित्रंही साध्या पिंगळ्याची निघाली होती. दोघे चुलतभाऊ शोभावेत असे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं आणि चोच दांडगी. संधिप्रकाशात सागाच्या फांदीवर पाठमोरा बसलेला असेल, तर एवढंही दिसायची खात्री नाही. त्या शंभर वर्षांत सातपुड्यात फिरलेल्या कोणी ‘पिंगळा, साधा की रान ते नक्की नाही’ एवढं जागा आणि तारखेसह लिहून ठेवलं असतं, तर ती माग काढण्याजोगी नोंद ठरली असती. तशी लिहायची पद्धतच नव्हती. माझ्या मते रानपिंगळा हरवून राहण्यात खोट्या चिठ्ठीइतकाच या पद्धतीच्या अभावाचाही वाटा आहे.

बंदूक बाजूला पडून दुर्बीण आली, तेव्हा अनिश्चितता उघड झाली. रॉजर टोरी पीटरसन यांची १९३४ची मार्गदर्शिका लांबून दिसणाऱ्या ठळक खुणांवर बेतलेली होती, आणि तिने लाखो लोकांना न मारता पक्षी ओळखायला शिकवलं. खुणा दिसल्याच नाहीत तर काय, हा प्रश्न त्याबरोबरच आला.

त्या प्रश्नाचं उत्तर गणनांनी दिलं. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्ष्यांच्या शिकारीची चढाओढ लागत असे. त्याऐवजी फक्त मोजू या, असं फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं आणि १९०० मध्ये पहिली नाताळ-गणना झाली. आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्या तक्त्यात न ओळखलेली बदकं, न ओळखलेले कुरव यांच्यासाठी वेगळ्या ओळी असतात. उजनी किंवा जायकवाडीवर दुपारी पाण्याच्या मधोमध बसलेला बदकांचा थवा ज्याने मोजला आहे, त्याला ही ओळ का लागते ते सांगावं लागत नाही. कडेची तलवार बदकं आणि थापटे ओळखू येतात. मागचे हजारभर पक्षी म्हणजे उन्हात थरथरणारे काळे ठिपके. ते सोडून द्यायचे? रामसर करारानुसार एखादी पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवण्याच्या निकषांपैकी एक असा, की तिथे नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी असावेत. त्या आकड्यात न ओळखलेलं बदकही पुरतं एक धरलं जातं. दुसरा निकष एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येच्या एक टक्क्याचा आहे, आणि तिथे मात्र प्रजाती माहीत असावीच लागते. एका निकषासाठी मोजणी पुरे, दुसऱ्यासाठी ओळख हवी. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या ओळींत प्रामाणिकपणे राहणं महत्त्वाचं.

भोवत्यांच्या, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांच्या, रात्रीच्या मुक्कामावर हेच होतं. पॅलिड आणि माँटेग्यूज या दोन भोवत्यांचे नर वेगळे कळतात. माद्या आणि पिल्लं मावळतीनंतर माळरानावर उतरू लागली की बहुतेकांची नोंद ‘पॅलिड/माँटेग्यूज’ अशीच होते.

कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल ऑड्युबन सोसायटी यांनी २००२ मध्ये ई-बर्ड सुरू केलं, आणि आधी कागदाच्या समासात राहणाऱ्या या नोंदींना नीट वर्ग मिळाले: एक तिरक्या रेघेचा, एक नुसत्या गटाचा. ई-बर्ड प्रत्येक यादीमागे विचारतं, की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? ‘हो’ म्हटलं, की यादीत नसलेला पक्षी तिथे आढळला नाही असं धरलं जातं. याद्या नुसता प्रसार दाखवत नाहीत, वाढ-घटही दाखवतात, ते यामुळेच. घाईघाईत ‘ग्रीनिश’ ठोकून दिलं, तर नसलेला पक्षी नोंदला जातो. पक्षी गाळला, तर पर्णवटवटे तिथे होते हेच पुसलं जातं. तिरकी रेघ दोन्ही टाळते. तिने वैयक्तिक यादीतला आकडा सहसा वाढत नाही, हे खरं, आणि बहुतेकांना मोह होतो तो इथेच.

यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. अनिश्चितता नेहमी पाहणाऱ्याचीच असते असं नाही. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये पर्णवटवट्यांवर लिहिताना ग्रीनिशबद्दल दाखवून दिलं, की तिबेटच्या पठाराभोवती त्याचे प्रकार हळूहळू बदलत जातात. सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात, तिथे ते जवळजवळ दोन प्रजातींसारखे वागतात. रेषा कुठे ओढायची, याचं उत्तर त्या पक्ष्यांनीच दिलेलं नाही.

आणि ओढलेल्या रेषाही हलतात. अमेरिकेतल्या वेस्टर्न फ्लायकॅचरचे १९८९ मध्ये दोन पक्षी झाले. पुढची चौतीस वर्षं अनेकांनी नाइलाजाने दोघांची नावं तिरक्या रेघेने जोडून लिहिली. २०२३ मध्ये ते पुन्हा एकच ठरले. ज्यांनी हट्टाने एक नाव लिहिलं होतं, त्यांच्या नोंदींना त्यातून विशेष काही मिळालं नाही. जोडनावाने लिहिलेली नोंद मात्र जशीच्या तशी बिनचूक ठरली. त्याच वर्षी ई-बर्डच्या यादीत उलटं काम आपल्या किनाऱ्यावर झालं. लेसर सँड प्लोव्हर या चिखल्याचे सैबेरियन आणि तिबेटन असे दोन झाले. आक्षीच्या किनाऱ्यावर जुन्या वहीत लिहिलेला ‘लेसर सँड प्लोव्हर’ आज वाचताना प्रश्न पडतो, की यातला कोणता? भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक तिबेटनच असावेत. फोटो किंवा वर्णन असेल तर ते ठरवता येतं. नसेल, तर जोडनावच योग्य.

म्हणूनच अशा नोंदीसोबत दोन ओळींचं टिपण असावं. काय दिसलं, काय दिसलं नाही, आवाज ऐकला का, कोणत्या जवळच्या प्रजाती बाद केल्या आणि कशावरून. ‘दोन अक्षरी हाक वाटली, पण वाऱ्यात नीट ऐकू आली नाही’ हे वाक्य पुढच्या अभ्यासकाला नुसत्या नावापेक्षा जास्त सांगतं. आता फोनवरचं मर्लिन ॲप आवाज ऐकून झटकन नाव सुचवतं, त्यामुळे हे टिपण अधिकच गरजेचं झालं आहे. ॲपने सुचवलेलं नाव आणि स्वतः ऐकलेली हाक या दोन गोष्टी टिपणात वेगळ्या लिहाव्यात.