जिवाणूसंसर्ग, प्रतिजैविके आणि उपजत प्रतिकारशक्ती

शरीरात शिरलेल्या जिवाणूंवर पहिल्या काही तासांतच तुटून पडणारी, जन्मापासून सज्ज असलेली संरक्षणव्यवस्था म्हणजे उपजत प्रतिकारशक्ती. न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज या भक्षक पेशी, रक्तातील पूरक प्रथिने (जिवाणूंवर हल्ला चढवणारी प्रथिने) आणि त्वचा व श्लेष्मपटल हे तिचे मुख्य घटक. विशिष्ट प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर सारी भिस्त हिच्यावरच असते. प्रतिजैविक सुरू झाले तरी ही भिस्त संपत नाही. औषध जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ रोखते, पण मेलेल्यांची विल्हेवाट आणि उरलेल्यांचा निकाल भक्षक पेशीच लावतात. म्हणूनच न्यूट्रोफिल फार घटलेल्या रुग्णाला जिवाणू ठार करणारी औषधे देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी गोळा होताना पाहिल्या. भक्षक पेशींच्या सिद्धांताची ही सुरुवात. या पेशी शत्रू ओळखतात कशावरून, याचे उत्तर मिळायला मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत ‘टोल’ जनुकाचे संरक्षणकार्य दाखवले, तर १९९८ मध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने उंदरांत टीएलआर-४ हा ‘टोल’सारखा ग्राही (खूण ओळखणारे प्रथिन) लिपोपॉलिसॅकराइड हा काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील घटक ओळखतो हे सिद्ध केले. हे ग्राही जिवाणूची जात पाहत नाहीत. त्याच्या बांधणीतले, त्याला सहजी टाकून देता न येणारे भाग हेरतात. टीएलआर-५ जिवाणूच्या शेपटीसारख्या कशाभिकेतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो, तर पेशीच्या आतला एनओडी-२ हा ग्राही जिवाणूच्या पेशीभित्तिकेचा तुकडा ओळखतो. इशारा मिळताच टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ व ६ ही दाह चेतवणारी संदेशवाहक प्रथिने स्रवतात, ताप चढतो आणि न्यूट्रोफिल जागेवर धाव घेतात.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. क्षयाचा जिवाणू मॅक्रोफेजने गिळल्यावरही तो ज्या पिशवीत असतो तिचा पाचक विकरांच्या लायसोसोम या पिशवीशी संयोग होऊ देत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू तर गिळलेल्या पिशवीलाच भोक पाडून निसटतो. प्लेगचा जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला आपल्या लिपोपॉलिसॅकराइडची रचना अशी बदलतो की टीएलआर-४ ला त्याचा नीट सुगावाच लागत नाही.

प्रतिजैविक दिल्यावर या चकमकीचे स्वरूप पालटते. पेनिसिलिन गटातील औषधांनी पेशीभित्तिका फुटते आणि आतले-बाहेरचे अवशेष एकदम रक्तात उतरतात. उवांमार्फत पसरणाऱ्या पुनरावर्ती ज्वरात (पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जिवाणूजन्य तापात) हे उघड दिसते: पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच रुग्णाला हुडहुडी भरते, ताप आणखी चढतो, मग रक्तदाब घसरतो, त्याच वेळी रक्तातील टीएनएफ वाढलेला आढळतो. यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया ती हीच. ती औषधाची ॲलर्जी नव्हे, आणि हा फरक रुग्णाला आधीच सांगून ठेवलेला बरा. जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाच्या दाहात) डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी किंवा तिच्यासोबत देतात, ते हा दाह आवरण्यासाठीच. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक जिवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवते. त्यामुळे विषनिर्मितीही घटते, आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या विषजन्य आघातात ते पेनिसिलिनच्या जोडीला देतात.

काही प्रतिजैविके थेट रोग्याच्या पेशींवरही परिणाम करतात. ॲझिथ्रोमायसिन भक्षक पेशींमध्ये साठते आणि दाहही कमी करते. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांत घट्ट स्राव साठवणाऱ्या आनुवंशिक रोगात त्याचा दीर्घकाळ वापर होतो. डॉक्सिसायक्लिन ऊतींचा नाश करणारी विकरे रोखते. हिरड्यांच्या रोगात ते २० मिलिग्रॅमच्या, म्हणजे जिवाणूंना न मारणाऱ्या मात्रेत दिले जाते.

आतड्यातील परिणाम त्याहून दूरगामी आहेत. तेथील निरुपद्रवी जिवाणूंच्या सततच्या संपर्कामुळे श्लेष्मपटल जिवाणुनाशक प्रथिने बनवत राहते. प्रतिजैविकांनी ते जिवाणू मेले की ही निर्मिती मंदावते. उंदरांवरील प्रयोगात अशा वेळी व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा एन्टेरोकॉकस हा जिवाणू आतड्यात फोफावला. तोंडावाटे नुसते लिपोपॉलिसॅकराइड दिल्यावर रेग-३-गॅमा हे जिवाणुनाशक प्रथिन पुन्हा तयार होऊ लागले आणि त्या जिवाणूंची संख्या घटली.