घसरगुंडीचा सांधा

मे महिन्यात भाच्यांना घेऊन नाशिकजवळच्या एका वॉटर पार्कला गेलो आणि पाठीवर बोटभर ओरखडा घेऊन परतलो. बंद नळीच्या स्लाइडमध्ये तिसऱ्या वळणाला काहीतरी कचकन लागलं. खाली उभा असलेला पोरगा म्हणाला, ‘काका, हात छातीवर ठेवायचे होते.’ ओरखडा पाठीवर होता!

उत्तर मिळालं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका ओळखीच्या माणसाच्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये. स्लाइड अखंड नसते, तुकड्यातुकड्यांची असते. साच्याला आधी मेण, मग जेलकोट (वरचा गुळगुळीत थर), मग काचतंतूंची चटई आणि ती घट्ट धरणारं रेझिन. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. हाताने थर दिलेल्या तुकड्याची साच्याला टेकलेली बाजूच तेवढी गुळगुळीत निघते, आणि तीच आपल्या अंगाखाली येते. (पँटची चेन आणि रिव्हेट हा जेलकोट खरवडतात. नायलॉनचे कपडे घालायला लावतात त्यामागे नुसता भाड्याचा धंदा नसतो.) तुकड्यांच्या कडा बोल्टने आवळतात, फट सीलंटने भरतात. सांधा सपाट बसला तर उत्तम. नाहीच बसला तर नियम कौलांचा: वरचा तुकडा खालच्यापेक्षा किंचित उंच हवा. उलट झालं की दोन मिलिमीटरची कडही पाठ सोलते.

त्यात वळण. सेकंदाला ८ मीटर वेगाने ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर गेलं की अंगावर वजनाच्या दीडपटीहून जास्त आडवा जोर येतो, म्हणून आपण भिंतीवर चढतो. खालचा आणि आडवा जोर मिळून माझं ७२ किलोचं शरीर नळीवर जवळजवळ १४० किलोंचं होऊन दाबत होतं.

मग कड वर आली कशी? बहुतेक पार्क स्लाइड बाहेरून करून घेतात. ते बरंच आहे म्हणा. अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या एका पार्कने ‘फेरुक्ट’ नावाची ५१ मीटर उंच स्लाइड स्वतःच आखली. चाचणीत वाळूच्या पोत्यांसकट तराफे उडाले, फेरफार करून ती २०१४ मध्ये सुरू झाली, आणि २०१६ मध्ये १० वर्षांचा मुलगा तिच्यावर दगावला.

पण बाहेरून म्हणजे एकाकडून नव्हे. पाया आणि तलाव सिव्हिलवाल्याकडे, मनोरा आणि खांब फॅब्रिकेटरकडे, नळ्या फायबरवाल्याकडे, पंप चौथ्याकडे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत, खडकापर्यंत नेला नाही तर खांब हलतो आणि खांब हलला की सांधा उघडतो. पाया एकाचा, खांब दुसऱ्याचा, बोलणी मात्र फायबरवाल्याला.

तलावाचंही तेच. पंप सुरू झाला की बरंच पाणी नळ्यांत चढतं आणि तलावाची पातळी उतरते; बंद केला की ते सगळं परत येतं. म्हणून उतरण्याच्या जागची खोली पंप चालू असताना मोजायची. सिव्हिलवाला काम सोपवून जातो तेव्हा साइटवर पंप आलेलासुद्धा नसतो.

निघताना तो वर्कशॉपवाला एका तयार सांध्यावरून नायलॉनचा जुना पायमोजा ओढत होता. जिथे धागा अडकला तिथे खडूची खूण. पार्क सुरू झाल्यावर हा मोजा कोण फिरवतो, मी विचारलं.

‘ते मेंटेनन्सच्या कंत्राटात येतं,’ तो म्हणाला. ‘ते मला मिळालं नाही.’