पोटरीचं काम हवेच्या बुटांकडे

जोतिबाला पायी जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी जिना चढता येत होता, पण उतरता येईना. मांड्या भरून आलेल्या, पाय जड. मित्र म्हणाला, चल, गावात रिकव्हरी स्टुडिओ निघालाय.

तिथं आरामखुर्चीत बसवून मांडीपर्यंत येणारे मऊ बूट चढवले. यंत्र सुरू झालं तसा आधी तळवा आवळला, मग घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. क्षणभर सगळं घट्ट, मग फुस्स करून हवा सुटली आणि पुन्हा तळव्यापासून सुरुवात. बीपी बघताना दंडावरचा पट्टा आवळतो ना, तसंच. अर्धा तास हेच.

या खालून वर जाण्यातच सगळं शास्त्र आहे. आपण स्थिर उभे असताना घोट्याजवळच्या शिरेत सुमारे 90 मिमी पारा इतका दाब असतो. चालायला लागलो की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर ढकलतात आणि तो दाब 30च्या आसपास उतरतो. ढकललेलं रक्त परत खाली येत नाही, कारण शिरांमध्ये एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा असतात. विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं, त्यात या झडपांचा पुरावा मोठा होता. तो घरीही बघता येतो. हाताच्या फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं शीर निपटत न्या. मधे झडप असेल तर तेवढा तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचला, लगेच भरतो. मला हे दरवेळी तितकंच विलक्षण वाटतं.

रक्तातून झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांनाही अशाच झडपा आहेत. म्हणून सुजेवर हा दाब उपयोगी पडतो. मुळात ही यंत्रं दवाखान्यातली. ऑपरेशननंतर पडून असलेल्या रुग्णाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून ती वापरतात. आमच्याकडच्या तालमीतले एक वस्ताद मालिश शिकवताना सांगायचे, "पायाकडनं वर रगडायचं, काळजाकडं." दिशा तीच.

स्टुडिओतला मुलगा मात्र म्हणाला, यानं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. हे बरोबर नाही. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात आपोआप कमी होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून डोंगर उतरणं जास्त अंगावर येतं. अभ्यासांतून दिसतं ते इतकंच, की या बुटांनी दुखल्याची जाणीव थोडी कमी होते. स्नायूंची ताकद लवकर परत येते, याला भक्कम आधार नाही.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बूट चढवण्याआधी कुणी काहीच विचारलं नव्हतं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन दुखत असेल, तर आत गुठळी असू शकते. तेव्हा यंत्र नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेहानं पाय बधिर झालेले, पायाचा रक्तपुरवठा कमी असलेले, हृदय कमजोर असलेले, पायाला जखम किंवा जंतुसंसर्ग असलेले यांनीही आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

निघताना हे प्रश्न मी एका कागदावर लिहून त्या मुलाला दिले. त्यानं नीट वाचले, दोन शंका विचारल्या आणि कागद काउंटरवर चिकटवला. पाय हलके वाटत होते. जिना मात्र कठडा धरूनच उतरलो.